हेक्टरच्या घराची पाठ

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. शहाणी माणसं ही दोन्ही कामं निदान वेगवेगळ्या वर्षी काढतात. आमच्या हेक्टर मॅकास्किलने पन्नाशी उलटेपर्यंत दोन्हींतलं काहीच केलं नाही, आणि मग एका हिवाळ्यात दोन्ही एकदम काढली.

मी मॅरियन. आखनाशी गावचं दुकान आणि पोस्ट माझ्याकडे आहे. मी कोणाच्या भानगडीत पडत नाही. पण गावात दुकान एकच, आणि बाहेर बारा महिने वारा, त्यामुळे माणसं आत येतात आणि बोलत राहतात. कान काही मला घरी ठेवून येता येत नाहीत.

हेक्टर हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी गाडी चालवतो. उन्हाळ्यात तोच रस्त्याचे खड्डे बुजवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या मेंढ्यांशी भांडतो. माणूस दारात मावत नाही एवढा, आवाज खिंडीपर्यंत जाईल एवढा, पण त्याची एकही मेंढी त्याचं ऐकत नाही. बापाच्या दगडी घरात एकटा राहायचा. गार तर आम्हा सगळ्यांचीच घरं आहेत, पण हेक्टरचं घर वेगळंच होतं. त्याच्याकडे गेलेला माणूस ऊब घ्यायला बाहेर येऊन उभा राहायचा. त्याच्या स्वयंपाकघरातलं लोणी सुरीला दाद देत नसे. दूध तो फ्रिजमध्ये ठेवायचा ते गोठू नये म्हणून, असं गावात म्हणत. मी म्हणत नाही.

इशबेल खिंडीपलीकडच्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एका जानेवारीत तिची गाडी घसरून चरात गेली, तेव्हा हेक्टरने ती ओढून काढली आणि इशबेलला मिठाच्या गाडीत बसवून घरी सोडलं. त्या गाडीतला हीटर म्हणजे भट्टी. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच वळणावर घसरली. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा मी काय ते ओळखलं, कारण एव्हाना हेक्टर त्या वळणावर इतकं मीठ टाकत होता की हरणं येऊन रस्ता चाटत बसायची. तिथे घसरायचं म्हणजे कसब लागतं.

तर त्यांचं सगळं त्या गाडीत जमलं. मग एका रविवारी, चर्चनंतर, हेक्टरने तिला जेवायला घरी बोलावलं. मटणाचा रस्सा केला होता. इशबेलने कोट, टोपी आणि हातमोजे घालूनच तो खाल्ला, आणि चमचा खाली ठेवून म्हणाली, "हेक्टर, तू मला आवडतोस. पण या घरात मी मरून जाईन, आणि मेलेय हे कुणाला कळणारसुद्धा नाही, कारण खराबच होणार नाही मी."

"म्हणजे नाही म्हणतेस?"

"हो म्हणतेय. कोट काढून बसता येईल असं स्वयंपाकघर दे, दुसऱ्या दिवशी येते. नाहीतर पुढचा हिवाळा मी इन्व्हरनेसला बहिणीकडे काढणार. तिच्याकडे न्हाणीघरातसुद्धा रेडिएटर आहे."

हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही हकिकती जुळल्या. प्रेमात असं फार क्वचित होतं.

त्या दिवसापासून हेक्टरला वेड लागलं. फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून घरबांधणीची पुस्तकं न्यायला लागला. दोन दिवसांचा वर्ग करून आला. आणि त्याला साक्षात्कार झाला की ऊब आणायची नसते, असलेली जाऊ द्यायची नसते. झालं. मग गावातल्या कुठल्याही घरात गेला की बोट ओलं करून खिडकीच्या फटीपाशी धरायचा. खिशात केकवरची छोटी मेणबत्ती घेऊन फिरायचा आणि ती दाराखाली धरून ज्योत कुठे कलते ते बघायचा. एकदा भर चर्चमध्ये, उपदेश चालू असताना, त्याने ओलं बोट वर केलं. पाद्रीबाबांना वाटलं याला काही कबूल करायचंय. ते थांबले. सगळे वळून बघायला लागले. हेक्टर म्हणाला, "तुमचं चालू द्या. तिसऱ्या खिडकीतून येतोय."

मलाही त्याने सोडलं नाही. माझ्या दुकानाच्या दाराशी ओणवा होऊन म्हणाला, "मॅरियन, तुझ्या या फटीतून वर्षाला एक गाडी कोळसा बाहेर जातो."

"मग जा, उचलून आण," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये फ्रेया आली. ती एडिनबराची आर्किटेक्ट, वयाने लहान, पण पोरगी चांगली. शेतातल्या चिखलाला नाक मुरडलं नाही आणि चहाला नाही म्हणाली नाही. जुनं घर मेंढ्यांना द्यायचं आणि त्याच्या बाजूच्या उंचवट्यावर नवीन बांधायचं, असं ठरलं. दक्षिणेला सगळी काच, म्हणजे जे काही ऊन आमच्या नशिबात आहे ते थेट आत. भिंती गादीएवढ्या जाड, आत मेंढीची लोकर ठासलेली. कुठे सुईएवढी फट ठेवायची नाही. आणि एक यंत्र, जे आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिच्यातली ऊब काढून घेतं आणि नव्या हवेला देतं.

"आपण सोडलेला श्वास बाहेर जातो, ऊब आतच!" हेक्टर दुकानात सगळ्यांना सांगत होता.

"आणि कांदा खाल्लेला असला तर?" रांगेतून कुणीतरी विचारलं. हेक्टरने ते फ्रेयाला फोन करून विचारलं. कांदा बाहेर जातो, असं कळलं.

मेच्या शेवटी त्याने गावच्या हॉलमध्ये नकाशे लावले. चहा, स्कोनचे गोड पाव, जाम, सगळं इशबेलने केलं होतं. दक्षिणेकडच्या चित्रासमोर सगळे वा वा म्हणाले. मग माणसं उत्तरेकडच्या चित्रापाशी सरकली, आणि हातातले स्कोन हातातच राहिले.

उत्तरेला आमचा रस्ता आहे. उत्तरेला गाव आहे. आणि त्या बाजूला हेक्टरच्या घराला एक लांबच्या लांब भिंत होती, कोपऱ्यात एक दार, आणि खिडकी एकही नाही.

आमच्याकडे स्वयंपाकघर रस्त्याकडे असतं. सिंक खिडकीखाली असतं आणि खिडकीला गुंडाळायचा पडदा असतो. सकाळी किटली भरायच्या वेळी तो वर जातो. गेला नाही, तर समोरचं माणूस काहीतरी निमित्त काढून येतं. मी फ्लूने पडले होते तेव्हा शेजारीण माझ्यासाठी चार अंडी घेऊन आली. गावाला अंडी मीच विकते. आणि दिवसाउजेडी पडदा खाली म्हणजे एकच अर्थ, घरात कुणीतरी गेलं. अंत्ययात्रा निघाली की रस्त्यावरचे सगळे पडदे खाली येतात. त्यामुळे खिडकीच नसलेली ती भिंत बघून आम्हाला एकच दिसलं. कायमचे पडदे ओढलेलं घर.

"हेक्टर," कुणीतरी हळूच विचारलं, "मयत कोणाची?"

"अरे, उत्तरेला ऊन नसतं! खिडकी ठेवली की ऊब गेली!" हेक्टर म्हणाला.

"म्हणजे गावाकडे पाठ."

"पाठ नाही रे. ती फक्त... मागची बाजू आहे."

तेवढ्यात डोलिना उठली. डोलिना गावातलं शेवटचं घर, नव्वदीला टेकलेली, हेक्टरच्या आईची चुलत बहीण. तिच्या जिभेला हाड नाही आणि तिच्या घरासमोर हेक्टरच्या घराशिवाय दुसरं घर नाही. काठी टेकत ती नकाशापर्यंत गेली, चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं.

"मी हरकत घेणार," ती म्हणाली.

"का गं मावशी?"

"कुरूप आहे."

"माझी पाठ कुरूप असेल, पण पुढची बाजू तरी बघ!"

"ती तुझ्या जन्मापासून बघतेय, बाळा. तिला परवानगी लागत नाही म्हणून गप्प बसले."

हॉल हसला. हेक्टरही हसला. त्याला वाटलं म्हातारीची थट्टा. पण डोलिनाने दुसऱ्याच दिवशी काउन्सिलकडे खरोखर हरकत पाठवली. माझ्याच पोस्टातून, माझ्यासमोर तिकीट चाटून.

हरकत आली की प्रकरण समितीपुढे जातं, आणि आमची समिती हिमनदीच्या चालीने चालते. फ्रेयाने स्पष्ट सांगितलं, पाया थंडी पडायच्या आत ओतला पाहिजे. समितीत अडकलं तर हे वर्ष गेलं. हे वर्ष गेलं म्हणजे इशबेल इन्व्हरनेसला गेली, आणि तिथून पुन्हा चरात पडायला कोण येतं? हेक्टरची झोप उडाली. मेंढ्यांशी भांडायचासुद्धा थांबला.

त्याने डोलिनाला मनवायला काय काय केलं! भिंतीपुढे रोवनची झाडं लावतो म्हणाला. "ती वाढेपर्यंत मी कुठली असायला," डोलिना म्हणाली. भिंतीवर गुलाब चढवतो म्हणाला. "आमच्या वाऱ्यात? गुलाब नॉर्वेला जाऊन फुलेल." फ्रेयाने अगदी छताजवळ एक अरुंद पट्टी काढून दिली, उजेडापुरती. "तिथून कोण बघणार, घुबड?" शेवटी हेक्टरने सांगितलं की तो भिंतीवर खिडकी रंगवतो, अगदी खरी वाटेल अशी, पडदा वर केलेला.

"आणि घरातलं कुणी मेलं, तरी तो वरच?" डोलिना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हेक्टरची सहनशक्ती माझ्या दुकानात संपली. जूनमधला दिवस होता, दुकानात आम्ही तिघंच. डोलिना चहाची पुडी आणि ओटचं पीठ घेत होती. हेक्टर आत आला, तिला पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"मावशी, सांगून टाक ना सरळ! तुला माझ्या घरात डोकवायचंय. माझी बायको येणार, आणि तुला सिंकपाशी उभं राहून बघायचंय ती काय शिजवते, कशी वागते, आमचं भांडण होतं का. खिडकी नसली तर तुझी करमणूक बुडते, म्हणून माझा संसार बुडवतेस!"

मी वजनकाट्याकडे बघत राहिले. डोलिनाला असं कोणी बोलल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता काठी चालणार. पण तिने पिठाची पिशवी काउंटरवर ठेवली.

"तुझ्या घरात डोकवायचंय मला?" ती म्हणाली. "तू काय खातोस ते तुझा कचऱ्याचा डबा सांगतो. तू कधी भांडतोस ते सगळी खाडी ऐकते. मला तुझं काही बघायचं नाही, बाळा."

"मग?"

"तू सकाळी किटली भरतोस ना, तेव्हा मान वर करतोस. रोज. मिठाच्या पाळीवर जायच्या आधी, अंधारातसुद्धा. माझा दिवा लागला, पडदा वर गेला, की मग नळ बंद करतोस. तुला वाटतं मला दिसत नाही?"

हेक्टर गोंधळला. "ते... ते आपलं सवयीनं होतं."

"असू दे सवयीनं. आता तू तिकडे काचेपाशी बसणार, समुद्र बघणार. बघ. तुझ्या आईने कधी डोळाभर बघितला नाही, तू बघ. पण मग मला कोण बघणार रे? माझ्यासमोर दुसरं घर नाही. मी सोमवारी पडले तर शुक्रवारी मासेवाल्याची गाडी येईल तेव्हा कळणार. मला मासेवाल्याला सापडायचं नाही. त्याला तर वासही कळायचा नाही."

मी हसले. काय करू, ती बोललीच तशी. आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, ते मी काउंटरखाली वाकून पुसले. हेक्टर फावड्याएवढे हात लोंबकळत सोडून उभा होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"कुणाला सांगू? हॉलमध्ये, स्कोन खाता खाता? मला एकटीला मरायची भीती वाटते, जाम इकडे द्या?"

डोलिना पीठ घेऊन निघून गेली. हेक्टरने शेंदरी रंगाच्या बूटपॉलिशचा एक डबा विकत घेतला, जो गेली कित्येक वर्षं कुणी घेत नव्हतं, आणि माझ्याच फोनवरून फ्रेयाला फोन लावला.

"खिडकी हवी. उत्तरेला. सिंकवर."

पलीकडून फ्रेया समजावत होती, ते मला ऐकू येत होतं. उत्तरेची खिडकी म्हणजे ऊब जायचा रस्ता, सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि तुम्हीच म्हणाला होतात की एक अंशही सोडायचा नाही.

"थोडी जाऊ दे."

"कुठे जाऊ दे?"

"समोर," हेक्टर म्हणाला आणि फोन ठेवला.

खरी भीती त्याला इशबेलची होती. शनिवारी ती आली, तेव्हा त्याने तिला दुकानाबाहेरच गाठलं. मी फळ्या पुसायला बाहेर गेले. फळ्यांवर कावळ्याने घाण केली होती, हे खरं आहे. हेक्टरने सगळं सांगितलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "स्वयंपाकघर थोडं गार होईल मग. कोट काढता येईल, पण स्वेटर ठेवावा लागेल. तू विचार कर."

इशबेलने विचारलं, "किती मोठी खिडकी?"

"सिंकएवढी."

"तीन काचांची घे," ती म्हणाली. "माया मायेच्या जागी, वारा वाऱ्याच्या जागी." आणि मग भर रस्त्यात, माझ्यादेखत, तिने त्याच्या मफलरची दोन्ही टोकं धरून त्याला खाली ओढलं आणि त्याचा मुका घेतला. मी फळ्या पुसत होते.

पण खिडकी नेमकी कुठे? घर अजून कागदावर, जमिनीवर फक्त फ्रेयाच्या खुंट्या आणि दोरी. डोलिनाचा पडदा कुठून दिसेल, मध्ये जुन्या घराचं छप्पर येईल का, हे कागदावरून कळेना. तेव्हा हेक्टरने कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी चौकट काढली, आणि पुढच्या बुधवारी तो आणि इशबेल ती चौकट दोन्ही बाजूंनी धरून उंचवट्यावर उभे राहिले. फ्रेया टेप घेऊन. डोलिना पलीकडे आपल्या सिंकपाशी, हातात भांडी पुसायचं फडकं. वाऱ्यात शब्द पोहोचत नव्हते, म्हणून मी दुकान बंद करून मध्ये रस्त्यावर उभी राहिले, इकडचं तिकडे ओरडायला. कुणीतरी करायला हवं होतं.

फडकं डावीकडे. "डावीकडे म्हणतेय!" चौकट डावीकडे. फडकं पुन्हा डावीकडे. चौकट न्हाणीघराच्या खुंट्या ओलांडून पुढे गेली. "आता न्हाणीत आलो आम्ही!" हेक्टर ओरडला. "ती म्हणते तिथेही चालेल!" मी ओरडले. इशबेल हसून हसून चौकट सोडायला आली होती. मग उजवीकडे, मग वर, मग फारच वर. डोलिनाने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं: "एवढ्या वर कशाला? मी काय छपरावर चढून मरू?" चौकट खाली आली, जुन्या छपराच्या जरा उजवीकडे थांबली. फडकं स्थिर झालं. फ्रेयाने खुंटी ठोकली.

तेवढ्यात डोलिनाचा पडदा खाली आला.

भर दुपारी. रस्त्यावरून बाहेरगावची एक गाडी जात होती, ती थांबली नाही. पण तिच्या मागून आमचा पोस्टमन येत होता, त्याने ब्रेक दाबला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. "अहो, ती बघतेय फक्त, दिसतंय का ते!" मी त्याला सांगितलं. आम्ही सगळे पडदा वर जायची वाट बघत राहिलो. तो जाईना. वारा चालला होता, मेंढ्या ओरडत होत्या, पडदा खालीच.

"मावशी!" हेक्टर ओरडला. "दिसलं गं! कर वर!"

पडदा हलला नाही. माझं हसू मावळलं. हेक्टरने चौकट सोडून दिली, ती इशबेलच्या पायावर पडली, आणि तो धावत सुटला. एवढा मोठा माणूस, पन्नाशी उलटलेला, उतारावरून, दलदलीतून गुडघाभर चिखल उडवत, कुंपणाच्या तारेत पॅन्ट फाडून, रस्ता ओलांडून थेट डोलिनाच्या दारात. दार ठोठावलं नाही. मी त्याच्यामागे पळाले, दम लागून अर्धमेली.

डोलिना सिंकपाशी उभी होती. एका हातात पडद्याची दोरी, दुसऱ्या हातात किटली.

"बराच वेळ लागला," ती म्हणाली.

हेक्टर दाराला धरून उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता. चिखलाचं पाणी तिच्या स्वच्छ फरशीवर गळत होतं, आणि ती त्याला काही बोलत नव्हती.

"खिडकी बरोबर जागी आहे," डोलिना म्हणाली. "मॅरियन, काउन्सिलला लिही, माझी काही हरकत नाही म्हणून."

"मावशी," हेक्टर कसाबसा म्हणाला, "पुन्हा असं करू नकोस गं. कधीच करू नकोस."

डोलिनाने पडदा वर केला, किटली गॅसवर ठेवली आणि त्याच्याकडे वळली.

"एकदा तर करावंच लागणार, बाळा," ती म्हणाली. "तेव्हाही असाच पळत ये."